एकाच डोसात रोग कसा जातो?

प्रश्न : माझं वय ३१. मागच्या महिन्यात लघवीच्या जागेतून पिवळसर पू येऊ लागला, लघवीला आग व्हायची. मला वाटलं उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी घेतलं, ताक प्यालो, फरक पडला नाही. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे राखाडी पाकिटातल्या दोन गोळ्या समोर बसवून घ्यायला लावल्या आणि म्हणाले, झालं औषध. टायफॉइडला आठ-दहा दिवस गोळ्या लागतात, साध्या घशाला पाच दिवस. मग हा एवढा वाईट रोग दोन गोळ्यांत कसा जातो? आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, की गरमीच्या रोग्याला पूर्वी वर्ष वर्ष सुया टोचून घ्याव्या लागत. मला औषध पुरेसं मिळालं का, की सरकारी म्हणून कमी दिलं?
— एक वाचक, मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम

उत्तर : आधी मनातली भीती काढून टाका. औषध कमी दिलेलं नाही, आणि सरकारी म्हणून तर अजिबात नाही. ही शंका पुष्कळांच्या मनात असते, विचारायला मात्र कुणी धजत नाही. तुम्ही विचारलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही घेतलेल्या गोळ्यांपैकी एक अ‍ॅझिथ्रोमायसिनची, १ ग्रॅमची. दुसरी सेफिक्झिमची, ४०० मिलिग्रॅमची. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नाको’ने, लैंगिक आजारांच्या औषधांची रंगवार पाकिटं देशभरासाठी ठरवून दिली. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू जात असेल तर राखाडी, लिंगावर व्रण असेल तर पांढरं, व्रण आहे पण पेनिसिलिन सोसत नाही अशाला निळं, जांघेत बद आली असेल तर काळं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जे पाकीट मिळतं तेच मानोऱ्याच्या माणसालाही मिळावं, हा त्यामागचा विचार.

दोन गोळ्या अशासाठी, की पू पाहून तो कोणत्या जंतूचा हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. मुख्य संशयित दोन. एक परम्याचा जंतू, ज्याला गोनोकोकस म्हणतात. जर्मनीत आल्बर्ट नायसर यांनी तो १८७९ मध्ये ओळखला. दुसरा क्लॅमिडिया. दोघे पुष्कळदा एकाच माणसात एकत्र सापडतात. नेमका जंतू शोधणारी तपासणी तालुक्याच्या गावी सहसा होत नाही, आणि जिथे होते तिथेही अहवालाला वेळ लागतो. तोवर रुग्ण पुण्याच्या बांधकामावर किंवा ऊसतोडीला निघून गेलेला असतो. म्हणून लक्षण पाहून दोघांवरही एकाच भेटीत औषध द्यायचं, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आणि आपल्याकडे ती रुजली. गोळ्या समोर घ्यायला लावतात तेही याचसाठी. खिशात गेलेली गोळी पोटात गेलीच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आता मूळ प्रश्न. एक डोस म्हणजे एका दिवसाचं औषध, असं आपण धरून चालतो. तसं ते नसतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन शरीरात गेलं की रक्तात फार थांबत नाही, पेशींच्या आत शिरतं आणि तिथे साठून राहतं. शरीरातला त्याचा साठा निम्म्यावर यायलाच अडीच ते तीन दिवस लागतात, म्हणजे आज घेतलेली गोळी पुढचे कित्येक दिवस काम करत असते. आणि क्लॅमिडियाही पेशीच्या आतच राहणारा जंतू. पेशीत शिरायचं, तिथे वाढायचं आणि ती फोडून बाहेर पडायचं, या फेऱ्याला त्याला दोन-तीन दिवस लागतात. औषध त्याच्या आधीपासून त्याच घरात बसलेलं असतं.

सेफिक्झिमचं गणित उलटं आहे. ते काही तासांतच निम्मं होतं. पण परम्याचा जंतू झपाट्याने वाढणारा, आणि हे औषध जंतूच्या वाढीच्या वेळी त्याची भिंत बांधू देत नाही. जो वेगाने वाढतो तो वेगाने मरतो. त्याला थोडाच वेळ, पण पुरेसं जास्त औषध मिळालं की भागतं. टायफॉइडच्या जंतूचं तसं नाही. तो आपल्याच संरक्षक पेशींच्या आत, यकृतात, प्लीहेत, अस्थिमज्जेत दडून बसतो, म्हणून तिथे दिवसांचा हिशेब लांबतो. किती दिवस औषध घ्यायचं हे रोग किती लाजिरवाणा यावर ठरत नाही. जंतू कुठे राहतो आणि किती वेगाने वाढतो, यावर ते ठरतं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर गोंधळ व्हायचा. परम्यासाठी जगभर आता सेफिक्झिमच्या गोळीपेक्षा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या एका इंजेक्शनला पसंती आहे, आणि क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. तुम्हाला कुणी असं औषध लिहून दिलं तर पहिले डॉक्टर चुकले असं समजू नका. जंतू बदलतात तशा शिफारशी बदलतात. डॉक्सिसायक्लिन मात्र भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लोहाच्या किंवा पित्ताच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. शिवाय या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. वैशाखात दिवसभर रानात राबणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायलाच हवं : त्या सात दिवसांत अंगभर कपडे, डोक्याला दुपट्टा, आणि जमलं तर दुपारचं काम टाळा.

जुनी माणसं सांगतात तेही खरं आहे, पण त्यांचा रोग वेगळा. गरमी म्हणजे सिफिलिस. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त तो फिरंगरोग या नावाने येतो, आणि त्यावर पारा दिला जाई. पाऱ्याने रोगी किती बरे होत आणि किती पाऱ्याच्याच विषाने झिजत, हा वेगळा विषय. १९१० च्या सुमारास पॉल एर्लिख आणि साहाचिरो हाता यांचं साल्व्हरसान आलं. ते आर्सेनिकचं औषध. त्या काळचे उपचार म्हणजे दर आठवड्याला सुई, कधी आर्सेनिकची, कधी बिस्मथची, आणि हे वर्षभर, कधी त्याहून अधिक. पुष्कळ रोगी मध्येच सोडून देत. तुमच्या गावात सांगितली जाते ती आठवण या काळातली असणार.

१९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी चार सिफिलिस रोग्यांना पेनिसिलिन दिलं आणि चित्रच पालटलं. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि पुढच्याच वर्षी तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. परदेशातून बोटीने येणारं महाग औषध महाराष्ट्रात बनायला लागलं, याचं मोल शहरापेक्षा खेड्यातल्या माणसाला जास्त होतं.

सिफिलिसवर आज दिलं जातं ते बेंझाथिन पेनिसिलिन. कुल्ल्याच्या स्नायूत खोल टोचतात, २४ लाख युनिट, बहुधा दोन्ही बाजूंना १२-१२ लाख. दुखतं, हे आधीच सांगितलेलं बरं. संत्र्याच्या बागेत ठिबक असतं ना, तसं हे औषध स्नायूतून थेंब थेंब रक्तात सुटत राहतं, दोन-तीन आठवडे. ते का हवं? सिफिलिसचा जंतू कमालीचा संथ. एकाचे दोन व्हायला त्याला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. पेनिसिलिन वाढत्या जंतूलाच मारतं, म्हणून अशा संथ जंतूला गाठायला औषध सतत हजर हवं. पूर्वी जे काम वर्षभराच्या सुया करत, आणि तेही अर्धवट, ते आज एका बैठकीत होतं. रोग जुना असेल किंवा केव्हापासूनचा हे कळत नसेल, तर हीच सुई आठवड्याच्या अंतराने तीन वेळा.

आता तुम्ही काय करायचं? सात दिवस संबंध ठेवू नका, निरोध वापरूनही नको. दोन-तीन दिवसांत पू थांबायला हवा. आठवड्याने पुन्हा दवाखान्यात जाऊन या. थांबला नसेल किंवा थांबून पुन्हा आला असेल, तर त्याच गोळ्या पुन्हा घेऊ नका, तपासून घ्या. कारण मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा एक तिसरा जंतूही असतो आणि त्याला वेगळं औषध लागतं. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त तपासून घ्या, आणि पहिला अहवाल चांगला आला तरी तीन महिन्यांनी एकदा पुन्हा. एक अंड एकाएकी सुजून असह्य दुखू लागलं तर मात्र सकाळची वाट पाहू नका. तो संसर्ग असू शकतो, किंवा अंडाला पीळ पडलेला असू शकतो. पीळ असेल तर काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते.

आणि उन्हाळी. आपल्या भागात उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवीला आग होते, मुतखडाही पुष्कळांना असतो. नुसती आग आहे, पू नाही, बाहेरचा संबंध नाही, तर आधी लघवी तपासा, उगाच स्वतःवर संशय घेऊ नका. स्वप्नात वीर्य गेलं, ‘धात जाते’ म्हणून खंगणारी तरणी मुलं असतात. त्यांना या गोळ्यांची गरज नसते. त्यांना गरज असते शांतपणे समजावून सांगणाऱ्या माणसाची.

प्रश्न : माझ्या मित्राला असाच त्रास झाला. लाजेने तो डॉक्टरकडे गेला नाही. मेडिकलवाल्याने सिप्रोफ्लोक्सासिनच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत कमी झालं, मग पुन्हा सुरू. नंतर आणखी एक गोळी, मग आणखी एक. आता म्हणतो भिंतीवर जाहिरात असलेल्या वैद्याकडे जातो. काय सांगू त्याला?
— एक वाचक, कारंजा

उत्तर : त्याला आजच घेऊन जा. तुम्ही सोबत जा, हे जास्त महत्त्वाचं.

सिप्रोफ्लोक्सासिन एके काळी परम्यावर रामबाण होतं. आज भारतात त्याला दाद न देणारे परम्याचे जंतू सर्रास सापडतात. अमेरिकेनेही २००७ मध्ये परम्यासाठी या गटातली औषधं बंद केली. त्याआधी सल्फाच्या गोळ्या १९३० च्या दशकाच्या अखेरीस आल्या आणि दहा वर्षांतच निकामी ठरल्या. पेनिसिलिनचं प्रमाण वाढवत वाढवत नेलं, तर १९७६ मध्ये पेनिसिलिन तोडून टाकणारं रसायन बनवणारा परम्याचा जंतूच सापडला. टेट्रासायक्लिनही गेलं. जपानच्या क्योटोमध्ये तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा जंतू सापडला. त्याची नोंद २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या हातात आता फार औषधं उरलेली नाहीत.

हा जंतू इतका पटकन कसा शिकतो? त्याला आजूबाजूला पडलेले दुसऱ्या जंतूंचे जनुकांचे तुकडे उचलून स्वतःत बसवून घेता येतात. आपल्या घशात त्याचे निरुपद्रवी भाऊबंद कायम वस्तीला असतात. आपण सर्दी-खोकल्याला, अंग कसकसलं म्हणून, दोन-दोन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन खातो तेव्हा हे भाऊबंद औषधाला सरावतात. पुढे परम्याचा जंतू घशात पोचला की त्यांच्याकडून ते जनुक उचलतो. म्हणजे घरात खोकल्यासाठी घेतलेली अर्धवट गोळी उद्या वेगळ्याच आजारात नडते. याउलट सिफिलिसच्या जंतूला ऐंशी वर्षांत पेनिसिलिनवर मात करता आलेली नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनवर मात्र त्याने थोड्याच वर्षांत केली.

तुमच्या मित्राचा पू चार दिवस कमी झाला, तेवढ्यात कच्चे जंतू मेले आणि चिवट उरले. आता त्याला एक इंजेक्शन लागेल, आणि शक्य असेल तर स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा आणि गुप्तरोगांचा विभाग आहे. वाशीमहून ते दीड-दोन तासांवर. आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. डॉक्टरांना त्यांतून बरंच कळतं.

सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांसारखी औषधं एच-वन या यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि २०१४ पासून विकल्यावर रुग्णाचं व डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. प्रतिजैविकाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ती याच इशाऱ्यासाठी. दुकानदाराला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. दवाखान्यात लाज वाटते म्हणून माणूस दुकानाच्या फळीशी जातो, हे मूळ आहे. आणि भिंतीवरच्या जाहिराती? परमा-गरमी बरी करतो असं जाहीर करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे तो माणूस जाहिरात रंगवतानाच कायदा मोडतो आहे. अशाच्या हाती आपलं शरीर देऊ नका.

सरकारी रुग्णालयात या आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची खोली असते. औषध आणि समुपदेशन फुकट. गावातलं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर दुसऱ्या जिल्ह्यात जा. पुण्यात कामाला असाल तर पुण्यात घ्या. १०९७ या फुकट क्रमांकावर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं.

प्रश्न : लिंगावर एक फोड आला होता, दुखत नव्हता. महिन्याभरात आपोआप गेला. आता काही त्रास नाही. तरी डॉक्टरकडे जायला हवं का?
— एक वाचक, मालेगाव (जि. वाशीम)

उत्तर : हवं, आणि याच आठवड्यात. न दुखणारा आणि आपोआप जाणारा फोड हीच सिफिलिसची पहिली खूण असू शकते. तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण जंतू रक्तात गेलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग येतात, तेही जातात. मग वर्षानुवर्षं शांतता, आणि काहींच्या हृदयाच्या महाधमनीवर किंवा मेंदूवर घाला. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्ताची साधी तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

तपासणीत दोष निघाला तर वर सांगितलेली पेनिसिलिनची सुई देतात. ती घेतल्यावर त्या दिवशी थंडी-ताप आणि अंगदुखी आली तर औषध लागलं नाही असं समजून पळू नका; मरणाऱ्या जंतूंमुळे तसं होतं आणि दिवसभरात ओसरतं. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास कोंडला, तर मात्र ती अ‍ॅलर्जी. म्हणून सुईनंतर अर्धा तास तिथेच बसायचं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा रक्त द्यायचं. अहवालातला आकडा चौपट उतरायला हवा, १:३२ असेल तर १:८. रोगाची कायमची खूण दाखवणारी दुसरी एक तपासणी, टीपीएचए, बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर दोष दाखवत राहते. तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा सुया घेऊ नका.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला दवाखान्यात औषध दिलं आणि माझ्यासाठीही गोळ्या देऊन पाठवल्या. मला काहीच होत नाही. मग मी का घ्यायच्या? सासूबाई म्हणतात, तुझ्यामुळेच झालं असेल.
— एक वाचक भगिनी, रिसोड

उत्तर : ताई, तुम्हाला काही होत नाही हेच कारण आहे. पुरुषाला परमा झाला तर पू येतो, आग होते, तो चालत दवाखान्यात जातो. बाईला तोच संसर्ग बहुतेक वेळा मुका राहतो. क्लॅमिडिया तर महिनोन्महिने कळत नाही. आतल्या आत तो गर्भाशयातून नळ्यांपर्यंत चढतो. नळ्या चिकटल्या की मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच वाढून जिवावर बेततं. आपल्याकडे मूल होत नाही म्हणून बाईला दवाखान्यांच्या आणि देवस्थानांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तिच्या नळ्या बंद झाल्या त्या नवऱ्याच्या न सांगितलेल्या आजाराने, असं कितीकदा असेल! हे लिहिताना मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

सासूबाईंच्या बोलण्यावर जीव जाळू नका. तुमच्या नवऱ्याच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी औषध दिलं, म्हणजे त्यांनी आपलं काम चोख केलं. मागच्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना औषध मिळालं नाही, तर नवऱ्याचं औषध वाया जातं. तो तुमच्याकडून पुन्हा आजार घेतो आणि मग म्हणतो, गोळ्या खोट्या होत्या. गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या, आणि त्यानंतर सात दिवस संबंध नाही. नवऱ्याने ऐकलं नाही तर समुपदेशकाला सांगा, ते त्याला बोलावून समजावतात.

गोळ्या घेण्याआधी एकच बघा. पाळी चुकलेली असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी तिथल्या सिस्टरला सांगा. डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईने घ्यायची नाही; अ‍ॅझिथ्रोमायसिन चालतं, पेनिसिलिन चालतं. गरोदरपणाच्या नोंदणीत एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त घेतात, ते नाकारू नका. सिफिलिस वेळेवर सापडला तर पेनिसिलिनच्या सुईने पोटातलं मूल वाचतं. मात्र ती बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी मिळायला हवी. अहवालात दोष निघाला तर नवऱ्याची तपासणी त्याच दिवशी करून घ्या, त्याला कामावर परत जाऊ देण्याआधी.